पहिल्याच हाकेला मी ओ दिली

मुक्ता आणि ओजस,

तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितलेली गोष्ट अर्धी चुकीची आहे. मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर ओजसने विचारलं, "आजी, तू खरंच गुहेतल्या भुताशी बोललीस?" आणि मागून तुमचा बाबा हसला. तेव्हाच मी ठरवलं की हे एकदा नीट लिहून काढायचं. गुहा नव्हती, बोगदा होता. भूत होतं असं मी कधीही म्हटलेलं नाही. आणि मी बोलले म्हणजे फक्त 'ओ' म्हणाले. कुणी हाक मारली की आपण म्हणतो तेच.

मराठी वाचायची सवय राहावी म्हणून तुम्ही दोघं या ग्रुपवरचे अनुभव वाचता, असं तुमच्या आईने सांगितलं. म्हणून इथेच लिहिते आहे. बाकीच्या वाचकांनीही वाचावं, फक्त पांढरी साडी आणि उलटे पाय यांची वाट बघू नये. इथले अनुभव मी वाचते... आणि स्पष्ट सांगायचं तर विश्वास ठेवत नाही. रसायनशास्त्र शिकले, तेही इंग्रजीतून, आणि निवृत्त होईपर्यंत अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये काम केलं. तिथे शिकलेली गोष्ट अशी की एकदा आलेला रिझल्ट हा रिझल्टच नव्हे, तो पुन्हा यावा लागतो. या अनुभवाच्या बाबतीत तो पुन्हा आलेला नाही. हे आधीच सांगून टाकते.

आता जागा.

बदलापूर स्टेशनवरून बारवी धरणाच्या दिशेने निघालं, की बिल्डिंगा संपल्यावर एक टेकडी लागते. तिची एक बाजू खडीसाठी कापून काढलेली आहे. ती खदान कधीच बंद पडली. खदानीच्या मागच्या कड्यात बोगदा आहे. टेकडीतून पाण्याची लाइन पलीकडे न्यायची म्हणून तो खोदायला घेतला आणि अर्ध्यावर सोडला असं म्हणतात. कोणी आणि केव्हा, हे विचारलं की प्रत्येक जण वेगळं सांगतो. तोंड एवढं की छोटा टेम्पो आत जाईल. थोडं सरळ गेलं की बोगदा डावीकडे वळतो, आणि वळणानंतर उजेड संपतो. पुढे दगडांचा ढीग आहे, तिथे बोगदाही संपतो. दुसरीकडून वाट नाही.

खालच्या अंगाला ठाकरांची वाडी आहे. वाडीतल्या बायका विहिरीवर जातात ती पायवाट बोगद्याच्या अगदी तोंडावरून जाते. सगळं भांडण या पायवाटेवरून झालं.

मी तिथे पोचले ती केतकीमुळे. केतकी आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहते, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि वटवाघळांचा अभ्यास करते. तुमचे आजोबा गेले त्या वर्षी एकदा जिन्यात तिने मला अडवलं.

"आजी, संध्याकाळी काय करता?"

"सिरियल बघत नाही, एवढं नक्की."

"मग चला माझ्याबरोबर. वटवाघळं मोजायची आहेत. मला गप्प बसणारं माणूस हवंय."

तुमच्या बाबाला हे फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "गप्प बसणारं? आणि तिने तुला विचारलं?"

खरं सांगायचं तर वटवाघूळ म्हटलं की मला शहारा यायचा. माझ्या माहेरी घरात पाकोळी शिरली की झाडू निघायचा. पाकोळी म्हणजे छोटं वटवाघूळ, आपल्या अंगठ्याएवढं अंग आणि पंख मात्र वीतभर. पण त्या संध्याकाळी आम्ही बोगद्यासमोरच्या खडकावर बसलो, ऊन टेकडीमागे गेलं, आणि त्या काळ्या तोंडातून पहिली पाकोळी निघाली. मग दुसरी. मग कुणी आतून रीळ सोडावं तशी त्यांची एक लांब दोरीच बाहेर यायला लागली... वाडीवरून, भातखाचरांवरून, थेट नदीकडे. माझ्या हातात मोजायचं बटण होतं. अंगठा दुखायला लागला तरी दोरी संपेना. केतकी हळूच म्हणाली, "या सगळ्या आता रात्रभर किडे खाणार. डास, भातावरचे पतंग, सगळं."

परत येताना माझ्या लक्षात आलं की कित्येक महिन्यांनी मी एवढा वेळ फक्त समोर बघत बसले होते, मागचं काही आठवत बसले नव्हते. मग मी जातच राहिले.

केतकीकडूनच कळलं की अशा सोडून दिलेल्या खाणी आणि बोगदे पाकोळ्यांना किती लागतात. त्यांना अंधार हवा, ओल हवी, आणि मुख्य म्हणजे कुणी त्रास देऊ नये. मोठी जुनी झाडं गेली, पडकी घरं गेली, आता माणसाने टाकून दिलेल्या या भोकांत त्यांचे संसार. आणि माणूस अशी भोकं एकतर बुजवतो, नाहीतर त्यात पार्टी करतो.

इथे दोन्ही व्हायचं होतं.

रविवारी शहराकडून गाड्या यायच्या. बाटल्या, मोठ्याने गाणी, बोगद्याच्या तोंडाशी शेकोटी. वाडीतल्या तरण्या सुनांना त्यांच्या समोरून कळशी घेऊन जावं लागायचं. त्यातच एका पिणाऱ्याच्या पायावर वरून दगड पडला आणि त्याच्या घरच्यांनी ग्रामपंचायतीत येऊन आरडाओरडा केला. पंचायतीचे मेंबर भोईर पावसाळ्याआधी बोगद्याला भिंत घालून टाकायच्या मागे लागले. भोईर माणूस वाईट नाही. गळ्यात चेन, बोलणं मोठं, पण कुणी मदतीला बोलावलं तर चप्पल न शोधता धावणारा.

केतकीने जाळी सुचवली. आडव्या सळयांची, मधून पाकोळी जाईल पण माणूस जाणार नाही अशी. वाडीतल्या चांगुणाबाईंना ते पटेना. चांगुणाबाई साधारण माझ्याच वयाच्या, तीन सुनांच्या सासू. वाडीत त्यांचा शब्द चालतो.

"जाळीचं कुलूप तोडतील ती मानसं," त्या म्हणाल्या. "भिंत कोन तोडत नाय. तुमच्या पाकोळ्या ऱ्हातील, आन आमच्या सुनांनी पानी कुठून आनायचं? तुमी संध्याकाळच्या येता, रिक्षात बसून जाता."

त्यांचं बरोबर होतं.

शेवटी भोईरांनी तोडगा काढला. "मॅडम, आत वाघलं हायेत हे पंचायतीला दाखवा. असतील तं जाली, नसतील तं भित. विषय संपला."

मी उत्साहाने दुसऱ्याच दिवशी उल्हासनगरला लछू शेठकडे गेले. माझ्या बाल्कनीची ग्रिल त्यांनीच केलेली. सिंधी माणूस, वर्कशॉप रस्त्यावरच, वेल्डिंगचा चष्मा कायम कपाळावर. मी काढून नेलेलं ड्रॉइंग त्यांनी उलटसुलट करून बघितलं.

"मॅडम, सगळं आडवंच? बीच में कुछ डिझाइन? फूल, ओम, मोर?"

"काही नको."

"अच्छा, मच्छरजाळी तरी लावतो मागून. फ्री में."

"शेठ, मच्छर खाणाऱ्यांसाठीच करतोय हे! मच्छरजाळी लावली तर ते बाहेर कसे पडणार?"

"चमगादड के लिए ग्रिल," शेठ त्यांच्या कारागिराला म्हणाले. "लिख ले. मॅडम को कोई डिझाइन नहीं चाहिए, चमगादड लोग सिंपल हैं."

त्याच रविवारी पार्टीवाल्यांनी शेकोटी बोगद्याच्या आत पेटवली. टायर जाळला असावा. भिंती काळ्या झाल्या. पंचायतीची माणसं बघायला आली तेव्हा आम्ही सगळे टॉर्च घेऊन पार ढिगाऱ्यापर्यंत गेलो. छत रिकामं. एकही पाकोळी नाही. केतकी दगडांच्या फटी बघत राहिली आणि भोईर, खरंच वाईट वाटून, म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मॅडम. गेली ती. बिचारी जानार नाय तं काय करनार."

भिंतीचं ठरलं. त्यानंतर केतकी तिकडे फिरकली नाही, मीही नाही. गेलेल्या माणसाच्या घरासमोरून जाणं टाळतो आपण, तसं ते होतं. जाळी रद्द झाल्याचं शेठना कळवायचं होतं. भोईर म्हणाले मी फोन करतो, आणि मला वाटलं त्यांनी केला.

मे महिना संपत आला होता. भिंतीच्या दिवशी केतकी कॉलेजात परीक्षेच्या कामावर होती. नसती तरी ती आली नसती. मी मात्र सकाळी रिक्षा करून गेले. का गेले? कुणीतरी शेवटी तिथे असावं असं वाटलं, एवढंच.

तिथे भोईर होते, भिंत बांधणारे रामसूरत मिस्त्री होते, आणि भिंत खरंच होते आहे ना हे बघायला आलेल्या चांगुणाबाई. भिंत माझ्या गुडघ्यापर्यंत चढली होती. मी समोरच्या खडकावर छत्री उघडून बसले, तेवढ्यात खालून हॉर्न वाजवत एक टेम्पो आला. ड्रायव्हरच्या शेजारी लछू शेठ, मागे आमची जाळी.

"अरे!" शेठ उतरले. "मेरे से पहले दीवार? मला कोणी बोललंच नाय!"

भोईरांनी कपाळावर हात मारला. "शेठ, फोन करायचा ऱ्हायला."

"ऱ्हायला? एवढं लोखंड आता मी घरी कुठे लावू? बायकोला बोलू, तू चमगादड आहेस?"

सगळे हसले, मिस्त्रीसुद्धा. मीही हसले. हे मुद्दाम सांगते, कारण त्यानंतर जे झालं तेव्हा कुणीही घाबरलेलं किंवा कसल्या भारलेल्या मनःस्थितीत नव्हतं. भर सकाळ होती, कडक ऊन होतं आणि लोखंडावरून थट्टा चालली होती.

मग मिस्त्रींनी पुढचा थर लावण्याआधी थापी खाली ठेवली. विहीर बुजवताना किंवा टाकीचं झाकण बसवताना हे लोक आधी आत हाक मारून घेतात, चुकून कुणी राहिलेलं नको म्हणून. त्यांनी तोंडाशी हात धरून बोगद्यात हाक दिली, "अरे कोई है अंदर? बंद कर रहे हैं!"

त्यांचाच आवाज परत आला. "...रहे हैं."

मग सगळं शांत झालं. वारा मुळीच नव्हता.

आणि आतून हाक आली, "ठमे!"

ठमी हे माझं माहेरचं नाव. तेही अगदी लहानपणीचं, शाळेत जाण्याआधीचं. ते वापरणारं माणूस आज एकही उरलेलं नाही. तुमच्या आजोबांना ते माहीत नव्हतं, तुमच्या बाबालाही नाही. ते पुन्हा कधी ऐकू येईल असं मला वाटलं नव्हतं, किंबहुना मी ते विसरूनच गेले होते.

आवाज बाईचा होता. ओळखीचा नव्हता. माझ्या आईचा नाही, आजीचा नाही. म्हातारा नाही, तरुण नाही. त्यात रडणं नव्हतं की धमकी नव्हती. हात कामात गुंतलेले असताना, पिठात म्हणा, बाई आतूनच घाईने हाक मारते ना... 'अगं जरा इकडे ये गं, मला उठता येत नाहीये'... तसा तो होता.

आणि मी ओ दिली. विचार करून नव्हे. आमच्या घरी हाकेला ओ न देणं हा उर्मटपणा समजला जायचा, ती सवय हाडात असते.

"ओ!" मी म्हटलं. चांगलं मोठ्याने.

मग माझं लक्ष बाकीच्यांकडे गेलं. मिस्त्री थापीकडे बघत होते. लछू शेठ टेम्पोच्या टायरकडे बघत होते, जणू त्यात पहिल्यांदाच हवा भरलेली दिसत होती. भोईरांच्या हातात मोबाइल होता, ते त्यात बोट फिरवत होते आणि स्क्रीन बंद होता. चांगुणाबाईंनी पदर तोंडावर धरला होता.

"आजी," भोईर हळू आवाजात म्हणाले, "कुनाला ओ दिली?"

"हाक मारली ना कुणीतरी आतून?"

"कुनी नाय मारली," भोईर म्हणाले. फार पटकन म्हणाले.

चांगुणाबाईंनी पदर काढला. "पयल्या हाकंला ओ देतं का कोन? तिसऱ्या हाकंपावत गप ऱ्हायाचं असतं! येवढं शिकल्या तुमी, कोनी सांगितलं नाय?"

"नाही सांगितलं. आता?"

"आता काय. ओ दिली म्हंजे जायाला लागतं."

इथे तुम्हाला समजावं म्हणून सांगते. आपल्याकडे खूप ठिकाणी असं मानतात की अंधारातून, ओसाड जागेतून एकदाच हाक आली तर ओ देऊ नये. माणूस असेल तर तो पुन्हा हाक मारील, दुसरं काही असेल तर मारणार नाही. माझा यावर विश्वास नव्हता, आजही नाही. पण त्यांच्या नियमाचा दुसरा भाग मला पटला. ओ दिली की जावं. नाहीतर ओ कशाला द्यायची?

मी चपला घट्ट केल्या आणि भिंत ओलांडायला पाय टाकला.

"मॅडम, सिमेंट गीला है! गिर जाओगे!" शेठ ओरडले, आणि ओरडता ओरडता त्यांनीच हात दिला. मिस्त्रींनी दुसरा. भिंतीवर माझ्या टाचेचा ठसा उमटला. माझ्या पिशवीत मोजणीच्या वेळचा टॉर्च अजून होता, पुढे लाल कागद लावलेला, पाकोळ्यांना लाल उजेड कमी टोचतो म्हणून.

मी एकटी आत गेले. वाटेत काही झालं नाही. टायरच्या धुराचा वास जवळजवळ गेला होता. पायाखाली बारीक, मऊ धूळ होती. वळणाशी पोचले आणि चेहऱ्यावर ऊब आली... स्वयंपाकघराचं दार उघडल्यावर येते तशी. मग तो वास आला, जो एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. मी टॉर्च वर केला.

छत हलत होतं.

पिल्लं होती. उघडी, गुलाबी, डोळे मिटलेली, एकमेकांना इतकी चिकटलेली की कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते कळेना. त्यांच्यात, त्यांच्यावर, पंखांखाली त्यांना धरून आया. पार ढिगाऱ्यापर्यंत. बारीक चिरचिर चालली होती, सगळीकडून. काही आयांनी डोकी वळवून माझ्याकडे बघितलं, पण एकही उडाली नाही.

त्या परत आल्या होत्या. आम्ही बघणं सोडून दिलं तेव्हा त्या परत आल्या होत्या, आणि बाळंत झाल्या होत्या.

मी टॉर्च खाली केला आणि ढिगाऱ्याकडे फिरवला. तिथे कुणी नव्हतं. बाई नव्हती, माणूस नव्हतं. धुळीत पायांचे ठसे फक्त माझे होते. हे मी नीट बघितलं, दोनदा. मग उलट्या पावलांनी बाहेर आले, कारण वळताना पाय घासून आवाज झाला असता.

बाहेर आल्यावर मी खडकावर टेकले. भोईरांना वाटलं चक्कर आली. मी फक्त आत बोट दाखवलं. तेव्हा भोईर, मोबाइल खिशात घालून, स्वतः भिंत ओलांडून गेले. ते लवकरच परत आले आणि चेहरा पुसत म्हणाले, "पोरं हायेत. ढीगभर. उघडी नागडी पोरं हायेत, अन् त्यांच्या आया."

चांगुणाबाई इतका वेळ भिंतीशेजारी उभ्या होत्या. त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग भोईरांकडे.

"आत बाळतिनी हायेत?"

"व्हय."

"मंग भिंत कशी घालता?" त्या म्हणाल्या. जणू भिंत त्यांनी कधी मागितलीच नव्हती. "बाळतिनीच्या दाराला कोन भिंत घालतं काय? चला, व्हा बाजूला सगळे बाप्ये. आवाज नाय करायचा. शेठ, ते हॉर्न वाजवायचं नाय जाताना!"

"मैंने तो कुछ किया ही नहीं," शेठ पुटपुटले.

"मिस्त्री, तुमी पन. घमेलं उचला."

मिस्त्रींनी निमूटपणे घमेलं उचललं.

आम्ही सगळे चांगुणाबाईंच्या अंगणात चहाला बसलो. हाकेविषयी कुणीच बोलेना. प्रत्येक जण फुंकर मारून चहा पीत होता, गार झाला तरी. मला ते सहन होईना. लॅबमध्ये दोन माणसांनी एकच नमुना तपासला तर आम्ही त्यांना आपापसात बोलू देत नसू, आधी आकडे वेगवेगळे घ्यायचे. मी म्हटलं, "हे बघा, कुणी काही बोलू नका. एकेक जण माझ्याजवळ या आणि काय ऐकलं ते माझ्या कानात सांगा. ऐकलं नसेल तर 'नाही' म्हणा."

"आजी, आता शालेत बसल्यासारखं वाटतं," भोईर म्हणाले. पण आले. माझ्या कानाशी वाकून त्यांनी सांगितलं, "'बारक्या' बोलली. मला लहानपनी घरात तेच बोलायचे. आता मेंबर झालो, कोन बोलतंय?" मी विचारलं, आवाज कसा होता? ते म्हणाले, "आई भांडी घासताना हाक मारील ना, हात राखेचे असल्यावर... तशी."

शेठ आले. त्यांना ऐकू आलेलं नाव होतं 'गुल्लू'. "अम्मा बोलती थी. उनके जाने के बाद किसी ने नहीं बोला." आवाज? "जैसे रोटी बेलते-बेलते बुलाए. हाथ खाली नहीं होता ना, इसलिए जोर से बुलाती है."

चांगुणाबाईंना नाव नाही, नुसतं 'पोरी' ऐकू आलं होतं. "मला पोरी म्हननारं आता कोन हाय," त्या म्हणाल्या. त्यांनी ऐकलेल्या बाईच्या कडेवर मूल होतं. कसं कळलं विचारलं, तर म्हणाल्या, "आवाजावरून कळतं. दम लागलेला असतो."

रामसूरत मिस्त्री कानाशी आले, उभे राहिले आणि काहीच बोलले नाहीत. मी विचारलं, ऐकलं का? त्यांनी मान हलवली, हो. कोणतं नाव? त्यांनी नकारार्थी मान हलवली, आणि डोळे पुसत जाऊन पुन्हा बसले. मी आग्रह केला नाही.

प्रत्येकाला आपलंच नाव ऐकू आलं होतं, आणि 'पहिल्या हाकेला ओ देऊ नये' म्हणून प्रत्येक जण गप्प उभा होता, हाक आपल्यालाच आली असं समजून! मी सगळ्यांसमोर हे सांगितलं तेव्हा भोईर आधी मोठ्याने हसले आणि मग एकदम गप्प झाले.

संध्याकाळी केतकी आली. पिल्लांचं ऐकून ती माझ्या गळ्यात पडून रडली. पण हाकेचं ऐकल्यावर तिच्यातली शिक्षिका जागी झाली. "आजी, मेंदू असं करतो. अर्थ नसलेल्या आवाजात आपल्याला आपलं नाव ऐकू येतं. मिस्त्रींच्या हाकेचा प्रतिध्वनी, त्यात पाकोळ्यांची चिरचिर..."

स्पष्टीकरण चांगलं आहे, मला आवडलं. पण मग मेंदूने माझं रोजचं नाव का नाही निवडलं? भोईरांचं का नाही? सगळ्यांनी एकाच क्षणी का ऐकलं, आणि एकमेकांशी न बोलता सगळ्यांना बाईच का ऐकू आली, तीही हात गुंतलेली? पुढे कित्येकदा मी केतकीला बोगद्यात हाक मारायला लावली, पिल्लं उडून मोकळी झाल्यावर. पावसात, उन्हात, वारा असताना, नसताना. प्रतिध्वनी येतो. बाकी काही येत नाही. "आजी, पुरे, माझा घसा बसला," असं ती म्हणेपर्यंत आम्ही हे केलं. केतकीने शेवटी खांदे उडवले. मीही उडवते. मला माहीत नाही, आणि माहीत नाही असं म्हणायला मला लाज वाटत नाही.

पिल्लं मोठी होईपर्यंत तिथे ड्रिल लावायचं नाही, असं केतकी म्हणाली. तोपर्यंत राखण वाडीने केली. चांगुणाबाईंच्या सुनांनी करवंदीच्या काट्या आणून खालच्या वाटेवर कुंपण घातलं. रविवारच्या गाड्या आल्याच, तर चांगुणाबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. "जा की आत. आतली बाई नावानं हाक मारती. ओ तेवढी देऊ नका." एक गाडी यू-टर्न घेताना मी स्वतः पाहिली.

पावसाळ्यानंतर जाळी बसली. शेठ स्वतः आले, कारागिरावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे, बघायला. गुडघाभर भिंत तशीच पाया म्हणून ठेवली आणि तिच्यावर आडव्या सळया. भोईरांनी नारळ फोडला. कुणीतरी उदबत्ती पुढे केली, तर चांगुणाबाईंनी ती काढून घेतली. "धूर नको. आतल्यांना ठसका लागंल." कुलपाची एक किल्ली केतकीकडे आहे, एक चांगुणाबाईंकडे.

आता तुम्ही विचाराल, आत्ता तिथे काय आहे?

गेल्या महिन्यात मी आणि केतकी संध्याकाळी जाऊन आलो. खडकावर बसणं आता मला जमत नाही, चांगुणाबाईंची सून खुर्ची आणून देते. विहिरीची वाट चालू आहे. बायका बोलत, हसत जातात, आणि बोगद्यापाशी आल्या की आवाज थोडा कमी करतात. जाळीच्या सळया शाबूत आहेत. पाकोळ्या आहेत, आम्ही पहिल्यांदा मोजल्या होत्या त्यापेक्षा जास्त. आणि आत, वळणाच्या पलीकडे, या वर्षीची पिल्लं आहेत.